मोठे टायर, मॅकव्हील आणि कसारा घाट

मंडळी, महिंद्राचा कारखाना सातपूरला, सीएटचा टायरचा कारखानाही सातपूरलाच. त्यामुळे नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत "मी टायरमधलाच आहे" म्हणणारे एक तरी काका निघतातच. तरीही पिकअपला मोठे टायर टाकायचा विषय निघाला की सगळी चर्चा एकाच गोष्टीवर: गाडी दिसते कशी!

माझं मत सरळ आहे. हौद्यात माल भरणार असाल तर कंपनीने दिलेला साइज सोडू नका, आणि रिम तर अजिबात मोठी करू नका. नुसतं शनिवार-रविवार भंडारदऱ्याला फिरायचं असेल तर व्यास 3 टक्क्यांपर्यंत वाढवा. तोही टायर जाड करून, रिम तीच ठेवून.

आता गणित. बोलेरोवाल्यांच्या ओळखीचा साइज घेऊ, 215/75 आर 15. 215 मिलिमीटर रुंदी, तिच्या 75 टक्के बाजूची उंची म्हणजे 161, आणि मध्ये 15 इंची रिम. एकूण व्यास साधारण 703 मिलिमीटर. त्याजागी हौसेने 31 इंची टायर टाकला की झाले 787. वाढ जवळजवळ 12 टक्के.

आपण आयटीवाले एक गोष्ट पक्की जाणतो: एका ठिकाणचा आकडा बदलला की तो जिथे जिथे गृहीत धरलाय तिथे काहीतरी फुटतं. इथे पहिला फुटतो स्पीडोमीटर. काटा 80 वर, गाडी प्रत्यक्षात 89 च्या पुढे. (मुळात स्पीडोमीटर थोडा जास्तच वेग दाखवतात, म्हणून 2-3 टक्के पचून जातात. 12 नाही पचत.) मग पिकअप मरतो, क्लच जास्त घासावा लागतो, डिझेल वाढतं. हे सगळं परवडेल एक वेळ.

परवडत नाही तो ब्रेक. ब्रेकची ताकद चाकाच्या मध्याशी लागते आणि गाडी थांबते टायरच्या कडेला. व्यास 12 टक्के वाढला की तेवढंच पेडल दाबून रस्त्यावर मिळणारा जोर साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो. इंजिन ब्रेकिंगचंही तेच. गिअर तोच, पण गाडी धरून ठेवणारा जोर कमी. आता नाशिकचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दिंडोरी-निफाडचा माल वाशी मार्केटला निघतो तो भरून, आणि जाताना कसारा उतरायचा असतो. रिकामी गाडी चढ चढून परत येते. म्हणजे आपल्याकडे वजन आणि उतार नेमके एकाच फेरीत येतात! ज्या फेरीत ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तिथेच 11 टक्के सोडून द्यायचे. कशासाठी? फोटोसाठी?

बरं, व्यास तोच ठेवून रिम 18 इंची केली तर? 225/55 आर 18 बसतो, व्यास जवळपास सारखाच. पण टायरची बाजू 161 वरून 124 मिलिमीटरवर येते. जवळजवळ चार सेंटिमीटर रबर आणि हवा गेली, आणि खड्डा थेट रिमला भेटतो. शिवाय लोड इंडेक्स बघा. जुन्या साइजवर सहसा 100, म्हणजे एका टायरला 800 किलो; नव्यावर सहसा 98, म्हणजे 750. मागच्या दोन टायरचे मिळून 100 किलो गेले. टोमॅटोचे 20 किलोचे पाच क्रेट! आणि खऱ्या माल वाहणाऱ्या पिकअपच्या कमर्शियल टायरचा आकडा 100 पेक्षाही वरचा असतो, म्हणजे तिथे घसरण याहून मोठी. दुकानात मॅकव्हीलचा रंग सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही राव.

मोठ्या टायरच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, उंचीचा. पण व्यास 84 मिलिमीटर वाढला तरी गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, 42. पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्यावर अडकतो तो बहुतेक वेळा उंचीमुळे नाही, नक्षीमुळे. त्याच साइजमध्ये ऑल-टेरेन नक्षीचे टायर घ्या, हवा वेळेवर तपासा. चिखलातलं बरंचसं काम तिथेच होतं.

कायद्याचं थोडक्यात: जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. अपघातानंतर क्लेमच्या वेळी हा विषय निघू शकतो. असो.

आणि हो, स्टेपनी. चार टायर मोठे घेतले आणि पाचवा जुनाच ठेवला, तर पंक्चर झाल्यावर एकाच अ‍ॅक्सलवर दोन व्यास येतात आणि डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही झिजत बसतो. पाचवाही मोठा घेतला तर तो हौद्याखालच्या जागेत बसेलच असं नाही. मग तो हौद्यात ठेवायचा, आणखी दोन-तीन क्रेटची जागा अडवून.