आधी चासी उघडी दाखवा

वसई-विरारमध्ये जुनी जीप किंवा फियाट रंगवून घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की रंगाची छटा ठरवण्याआधी गाडीखाली आडवे व्हा आणि चासी बघा. गंजावर चढवलेला रंग हा गाडीच्या मालकाने स्वतःच्या पैशाने घेतलेला धोका आहे. चासी कुजली की ब्रेक, स्टिअरिंग, पाटे यांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

माझी उमेदीची वर्षं वसई पूर्वेच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली. तिथे रंग मारण्यापेक्षा लोखंड साफ करण्यात जास्त वेळ जायचा, आणि तो वाया गेला असं कुणी म्हणत नसे. गॅरेजांमध्ये मला उलटं दिसतं. वरचा पत्रा ठोकून, लांबी भरून, पॉलिश पेपर घासून चकचकीत होतो. चासीवर मात्र वायर ब्रशचा हात फिरतो, वर रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. गणपतीच्या आधी गाडी दारात हवी, ही घाई बहुतेक वेळा मालकाचीच असते. दिवाळीपर्यंत काळ्या रंगावर फोड येतात आणि शिव्या मिस्त्री खातो.

आपल्याकडे हे काम इतर ठिकाणांपेक्षा जास्त काटेकोर व्हायला हवं. अर्नाळा, कळंब, रानगाव, भुईगावकडे समुद्राचा वारा. नायगाव, जूचंद्रकडे मिठागरं आणि खाडी. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरे असतात, पण मीठ मिसळलं की तोच गंज धावू लागतो. हे मीठ गंजाच्या खड्ड्यांत तळाशी जाऊन बसतं. वायर ब्रशने वरचे पापुद्रे निघतात, उंचवटे चमकतात, खड्डे तपकिरीच राहतात. वर कितीही चांगला रंग मारा, आतलं मीठ ओलावा ओढून घेतं.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. आधी ग्रीस आणि जुनं डांबर काढायचं, मग जोराच्या गोड्या पाण्याने चासी धुऊन पूर्ण वाळवायची, आणि त्यानंतरच घासायला घ्यायचं. किनाऱ्याकडच्या गावांत इथेच चूक होते. बोअरचं पाणी मचूळ असतं आणि त्याच पाण्याने चासी धुतली जाते. नळाला येणारं सूर्या धरणाचं पाणी पिंपात साठवून वापरा, पण या कामाला मचूळ पाणी नकोच.

महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जीपला दोन लांब रेल आणि आडवे क्रॉसमेंबर असतात. गंज आधी सापडतो तो पाट्यांच्या हँगरपाशी, बॉडीच्या बोल्टखालच्या रबरांशी आणि जिथे चॅनेल बंद पेटीसारखं होतं तिथे आतून. लहान हातोडीने ठोकत जा. जाड लोखंड खणखणीत वाजतं, पोकळ झालेलं बद्द. बद्द वाजलेला तुकडा कापून त्याच जाडीचं लोखंड वेल्ड करावं लागतं. तिथे लांबी भरणं हा गुन्हा मानावा, इतकं माझं मत कडक आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फियाटला, आणि पुढे तिच्यातूनच आलेल्या पद्मिनीलाही, वेगळी चासी नाहीच. फरशी, दाराखालच्या सिल आणि पत्र्याच्या पेट्या हीच तिची चासी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. उरलेल्या खासगी गाड्या टिकवायच्या असतील तर सिलच्या आतला गंज काढून तिथे मेण फवारायला हवं, आणि पाणी निथळण्याची भोकं मोकळी ठेवायला हवीत.

गंज झटपट निघावा म्हणून काही जण बाथरूमचं ऍसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक असतं, सांध्यांत शिरतं आणि मिठाचंच काम करत बसतं. फॉस्फोरिक ऍसिडचं द्रावण त्यापेक्षा बरं, तेही बाटलीवर सांगितल्याप्रमाणे धुऊन.

सगळ्यात चांगला मार्ग ब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज काढण्याचा, पण त्याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. स्वस्त पडतं म्हणून साधी वाळू वापरू देऊ नका. तिच्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कायमची निकामी होतात, त्यावर इलाज नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या तिसऱ्या परिशिष्टातही या रोगाची नोंद होती. गार्नेट किंवा लोखंडी ग्रिट मागा, थोडे पैसे जास्त द्या, आणि तोंडावर फडकं बांधलेला पोरगा नळी धरून उभा दिसला तर गाडी तिथून उचला. आपल्या हौसेची किंमत त्याने का मोजावी?

चासीवर ठोकलेला क्रमांकही जपा. काम सुरू करण्याआधी त्याचा फोटो आणि पेन्सिल प्रिंट घ्या, त्यावर जाड टेप लावा. ग्राइंडरखाली आकडा गेला तर कागदपत्रांचा घोळ वर्षानुवर्षं निस्तरावा लागतो. २०२१ च्या जुलैत आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आज दुर्लक्ष करून उद्या चासीच बदलावी लागली, तर तो दर्जाही हातचा जाऊ शकतो.

हे काम जानेवारी ते एप्रिलमध्ये काढा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असताना रंग लावू नये, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती वारंवार त्यावर जाते. साफ केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर पिवळसर थर दिसतो. त्यामुळे त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागलाच पाहिजे. नुसत्या रेड ऑक्साइडवर वसईच्या हवेत भागत नाही.

गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम देताना एक अट घाला: प्रायमर मारण्याआधी मला बोलवा, मी उघडी चासी बघेन, मगच पुढचे पैसे. ही अट जो मान्य करणार नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नका.