विश्लेषण : भीती बिबट्याची, मरण सापाचे! अंगणातल्या वन्यजीवांबाबत प्राधान्यक्रम चुकतो आहे का?

गावाबाहेरच्या रस्त्यावर बिबट्या दिसला की त्याची चित्रफीत तासाभरात तालुकाभर फिरते, पिंजऱ्याची मागणी होते, पुढारी निवेदने देतात. त्याच गावात जमिनीवर झोपलेल्या एखाद्या मजुराला रात्री मण्यार चावली आणि पहाटेपर्यंत तो दगावला, तर ती बातमी बहुतेक वेळा स्थानिक पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींत संपते. वन्यप्राण्यांशी होणाऱ्या सामन्याबाबत समाजाची भीती आणि सरकारचा पैसा, दोन्ही एकाच दिशेने वाहतात. धोका मात्र अनेकदा दुसरीकडेच असतो. रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा पट्ट्याकडे पाहिले की ही विसंगती ठळकपणे दिसते.

निडीच्या परिसरात प्राणी घरापर्यंत का येतात?

निडी हे मध्य रेल्वेच्या पनवेल-रोहा मार्गावरील नागोठणे आणि रोह्याच्या मधले छोटे स्थानक. या पट्ट्यात डोंगर, भातशेती, आदिवासी वाड्या, लोहमार्ग आणि कारखाने एकमेकांना खेटून आहेत. एका बाजूला नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, दुसऱ्या बाजूला धाटावची औद्योगिक वसाहत, तर पश्चिमेला मुरूड-रोहा तालुक्यांच्या हद्दीतले फणसाड अभयारण्य. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे हे पूर्वीचे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पण अभयारण्याची हद्द कागदावर असते, प्राण्यांच्या पायवाटेवर नसते. भात कापणीनंतर जमिनीतल्या ओलाव्यावर घेतला जाणारा वाल, परसातली केळी आणि पपई, आंब्या-काजूच्या वाड्या ही रानडुक्कर आणि माकडांसाठी तयार शिदोरीच. कोंबड्यांचे खुराडे आणि मोकाट कुत्री बिबट्याला ओढून आणतात. पेंढ्याच्या उडव्या आणि धान्याच्या कणग्या उंदरांना बोलावतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. थोडक्यात, प्राणी ‘वाट चुकून’ येत नाहीत. गाव त्यांना अन्न पुरवते म्हणून ते येतात.

बिबट्या ‘मानवी वस्तीत शिरला’ हे म्हणणे बरोबर आहे का?

बातम्यांमधले हे नेहमीचे वाक्य अर्धेच खरे आहे. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंगल नसलेल्या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस आढळले. त्याच भागात माणसांची घनता चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक होती. त्या बिबट्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता आणि त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे उसाच्या फडालगत राहणारा बिबट्या हा तिथला पाहुणा नव्हता, रहिवासी होता.

देशातील २०२२ च्या गणनेचा अंदाज १३ हजार ८७४ बिबट्यांचा आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा १,९८५. परंतु ही गणना प्रामुख्याने वनक्षेत्रातली होती. ऊस, बागायती आणि गावांच्या आसपास वावरणारे सर्व बिबटे तीत आलेले नाहीत. त्यामुळे ‘अचानक संख्या वाढली’ असे म्हणण्यापूर्वी ते आधी दिसत नव्हते, की आधी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नव्हता, हाही प्रश्न विचारायला हवा.

पिंजरा लावून प्रश्न का सुटत नाही?

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. लोकांची भीती खरी असते, त्यामुळे वनखात्यावर दबावही येतो. पण जुन्नरचा अनुभव सावध करणारा आहे. २००१ नंतर तिथे पकडलेले बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. त्यानंतरच्या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतराच्या आसपास गेल्याचे अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधाने दाखवले. अनोळखी प्रदेशात टाकलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, माणसाच्या सहवासाने बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरू शकतो. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, तो वेगळाच.

पकडलेला बिबट्या सोडला तिथेच राहतो, हाही भ्रम. ‘आजोबा’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. या प्रवासात त्याने कुणाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ मध्ये त्याचा मृत्यू झाला तो वाहनाच्या धडकेने.

याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे असा नव्हे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या अखेरीस लागोपाठ झालेले मृत्यू आणि त्यानंतरचा लोकांचा उद्रेक ताजा आहे. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या प्राण्याला पकडणे किंवा शेवटचा उपाय म्हणून ठार करणे याची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे आणि ती वापरावी लागते. आक्षेप आहे तो ‘दिसला की पकडा’ या धोरणाला. दिसणे आणि हल्ला करणे यांतला फरक पुसला गेला की नुकसान माणसांचेच होते.

मग घराजवळचा सर्वांत मोठा धोका कोणता?

सर्पदंश. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात आणि घरीच झाले. निम्मे पावसाळ्यात झाले आणि पावबळींहून अधिक १५ वर्षांखालील मुलांचे होते. सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र नाही. तरीही देशात कोणताही मोठा हिंस्र प्राणी या आकड्याच्या जवळपास पोहोचत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप कोकणात आढळतात. लावणी, बेणणी आणि कापणीच्या काळात बांधावर, पेंढ्यात, सरपणाच्या ढिगाऱ्यात त्यांची गाठ पडते. मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे अशी लक्षणे दिसेपर्यंत मौल्यवान तास निघून जातात. अशा वेळी प्रतिसर्पविष लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास या दोनच गोष्टी जीव वाचवतात. लस या चार सापांच्या विषावर काम करते. सह्याद्रीत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषाचा मात्र तिच्यात समावेश नाही.

रायगडनेच दाखवलेला रस्ता कोणता?

उपाय सापडत नाहीत असे नाही. लाल विंचवाचा दंश ही कोकणातली एके काळची जीवघेणी आपत्ती. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागवून हृदयावर होणारा परिणाम नोंदवला. रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी सिद्ध केला. चाळीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्यूदर पुढे एक टक्क्यापर्यंत खाली आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामासाठी विंचवांची मोहीम काढावी लागली नाही की नवे महाकाय रुग्णालय उभारावे लागले नाही. गावाजवळच्या डॉक्टरने नेमके पाहिले, नेमके औषध वेळेत दिले. सर्पदंशाच्या बाबतीत हेच का होऊ नये?

भरपाईत तफावत किती?

इथे विसंगती आकड्यांत उतरते. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, कोल्हा, मगर, हत्ती आदी प्राण्यांच्या हल्ल्यात माणूस मृत्युमुखी पडल्यास वनखात्यामार्फत वारसांना २५ लाख रुपये दिले जातात. ही रक्कम योग्यच आहे. पण या यादीत साप नाही. नाग किंवा घोणस हेही कायद्याने संरक्षित वन्यजीव आहेत. त्यांना मारणे गुन्हा आहे, मात्र त्यांच्या दंशाने गेलेला जीव ‘वन्यप्राण्यामुळे गेलेला’ धरला जात नाही.

सर्पदंश आणि विंचूदंशासाठी आधार आहे तो गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा. तिच्यात मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एका सदस्यापुरती आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला तीही लागू नाही. पेण-रोह्यातल्या वाड्यांवर राहणारा, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारा, वर्षातले काही महिने वीटभट्टीवर घालवणारा भूमिहीन कातकरी मजूर नेमका इथेच गळतो. कुडाच्या घरात जमिनीवर झोपणाऱ्या या माणसाला सापाचा धोका सर्वाधिक आणि सरकारी आधार सर्वांत कमी. जीवाची किंमत २५ लाख, दोन लाख की शून्य हे चावणाऱ्या प्राण्यावर आणि सातबाऱ्यावर ठरते, हे कोणत्याही निकषावर न्याय्य नाही.

इतर राज्यांनी काय केले?

उत्तर प्रदेशने २०१८ मध्ये सर्पदंश ‘राज्य आपत्ती’ ठरवला आणि मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये देण्याची तरतूद केली. तिथे जमिनीच्या मालकीची अट नाही. केरळमध्ये सर्पदंशाच्या मृत्यूसाठीही वनखात्यामार्फत भरपाई मिळते आणि प्रशिक्षित सर्पमित्रांना परवाने दिले जातात. कर्नाटकने २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवला. केंद्रानेही मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. मृत्यू मोजलेच गेले नाहीत तर निम्मे झाले हे कळणार कसे? म्हणून नोंद हा पहिला टप्पा.

रानडुकरांचे काय?

वाल आणि भाताची नासाडी करणारे रानडुक्कर हा पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा रोजचा वैताग. पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे, पण पंचनामा, कागद आणि हेलपाटे पाहता चार-पाच गुंठ्यांचा शेतकरी त्या वाटेला जात नाही. त्यातून फासकी आणि कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह असे जिवावरचे उपाय सुरू होतात. त्या तारेला अनेकदा शेजाऱ्याचा पाय लागतो, कधी घरच्याच माणसाचा. भरपाईची प्रक्रिया सुटसुटीत करणे हा म्हणूनच केवळ शेतीचा नव्हे, जीव वाचवण्याचाही प्रश्न आहे.

आता काय करायला हवे?

गावपातळीवरच्या गोष्टी साध्या आहेत. खुराडी आणि गोठे रात्री पक्के बंद करणे, उघड्यावर पडणारा खरकट्याचा कचरा थांबवणे, मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण, विहिरींना कठडे, रस्त्यावर दिवे. अंधारात विजेरी आणि काठी, झोपताना खाट किंवा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. बिबट्या दिसला तर गर्दी आणि पाठलाग टाळून त्याला वाट द्यावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. साप चावला तर भगत, चिरा, घट्ट दोरी यांत वेळ न दवडता चावलेला अवयव न हलवता १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे.

मात्र सगळी जबाबदारी गावावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष लस आणि ती देण्याचे धाडस असलेला प्रशिक्षित डॉक्टर, रक्त गोठण्याची वीस मिनिटांची साधी चाचणी आणि श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णाला पुढे नेण्याची सोय, एवढे झाले तरी अनेक जीव वाचतील. त्याच्या जोडीला सर्पदंशाची सक्तीची नोंद आणि सातबाऱ्याची अट नसलेली भरपाई हवी. हे निर्णय मंत्रालयात होऊ शकतात, त्यासाठी एकही पिंजरा लागत नाही.

बिबट्या दिसल्यावर जेवढ्या तत्परतेने यंत्रणा धावते, तेवढीच तत्परता कातकरीवाडीवरून रात्री दोन वाजता आलेल्या फोनला मिळाली, तर प्राधान्यक्रम दुरुस्त झाला असे म्हणता येईल.