गाडी खोलली, माणसाचे काय?

दर वर्षी जानेवारीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात ‘डकार रॅली’ नावाची मोटारींची शर्यत होते. तिचा जनक थिएरी सबीन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार. १९७७ साली तो लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. त्यानंतर त्याने आखलेली पहिली शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली आणि आफ्रिकेतील सेनेगलच्या डकार शहरी संपली. पुढे २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत व २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र डकारच राहिले. सुमारे दोन आठवडे आणि सात-आठ हजार किलोमीटर, त्यातही बऱ्याच भागात रस्ता असा नाहीच. वाळूचे डोंगर आणि दगडगोटे!

मला मोटारींचे वेड नाही. पण या शर्यतीतील एक दिवस डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे मध्यावर येणारा विश्रांतीचा दिवस. २०२१ साली तो हाईल येथे होता, तर २०२४ साली राजधानी रियाधला. त्या दिवशी शर्यत बंद असते.

शर्यत बंद, पण छावणीत गडबड असते. मिस्त्री गाड्या पार खोलतात. ऑईल बदलतात, वाळूने भरलेले एअर फिल्टर काढतात, क्लचच्या प्लेटा, चेन, चाकांचे बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर, सारे तपासतात. एकेक नट पुन्हा आवळतात. उरलेली निम्मी शर्यत याच गाडीवर काढायची असते. ढिला राहिलेला एक नट पुढे वाळवंटात महागात पडतो.

आता त्या गाडीवर बसणाऱ्या माणसाकडे पाहा. आठवडाभर तो पहाटेच्या अंधारात उठलेला असतो. रात्री तंबूत शिरावे तर शेजारी जनरेटर आणि हातोड्यांचा आवाज. मनगटे आणि कंबर हादऱ्यांनी आंबलेली, जाड पोशाखाच्या आत घामाची आंघोळ. मोठ्या चमूचा स्वार असेल तर या दिवशी त्याची गाडी मिस्त्री पाहतात आणि त्याला झोप मिळते. पण याच शर्यतीत काही मोटारसायकलस्वार मदतनीसाशिवाय उतरतात. त्यांच्या गटाला ‘माल-मोटो’ म्हणत. फ्रेंच भाषेत ‘माल’ म्हणजे पेटी. हत्यारे आणि सुटे भाग त्या पेटीत, आणि गाडीची सगळी दुरुस्ती स्वतःच्या हातांनी. विश्रांतीच्या दिवशी इतर स्वार झोपतात तेव्हा हे लोक पाना घेऊन बसलेले असतात.

त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. परंतु डॉक्टर म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जो दिवस गाडीखाली गेला, त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. गाडीची तपासणी आणि माणसाची विश्रांती ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाच दिवसात, एकाच माणसावर दोन्ही टाकली की मार नेहमी विश्रांतीलाच बसतो. कारण गाडी आवाज करते, ऑईल गाळते, बंद पडते. शरीर बरेच दिवस मुकाट्याने ओढत राहते.

थकलेला माणूस आपणहून थांबत नाही, हे शर्यतीच्या आयोजकांना पक्के ठाऊक आहे. म्हणून मोटारसायकलस्वारांना पेट्रोल भरताना सक्तीने थांबावे लागते. २०२४ साली तर दोन दिवसांचा एक टप्पा असा होता की, दुपारचे चार वाजले की पुढच्या पहिल्या तळावर थांबलेच पाहिजे, मग अंगात कितीही जोर असो. मला हा नियम फार आवडला. थांबण्याचा निर्णय थकलेल्या मेंदूवर सोडायचा नसतो.

याला शास्त्रीय आधार आहे. सतत सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे लक्ष व हातापायांची चपळाई, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या कायद्याने वाहनचालकाला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही गाडी हाकणारा माणूस दारूचा थेंब न घेता ती मर्यादा ओलांडल्यासारखाच असतो. दारू मोजण्याचे यंत्र पोलिसांकडे आहे, झोप मोजण्याचे नाही.

हे सारे आठवायला कारण घडले. परवा एक टेम्पोचालक दवाखान्यात आला. वय चाळीसच्या आसपास. भाजी घेऊन रात्री वाशीच्या मार्केटला जाणारा. डोके दुखते म्हणाला. रक्तदाब निघाला १७० वर ११०. विचारले, “सुट्टी असते का रे?”

“असते की, डॉक्टरसाहेब. दर रविवारी. गाडी धुतो, ग्रीस मारून घेतो, पंक्चर काढून आणतो. संध्याकाळी पुन्हा भरायची.”

टेम्पोचे ऑईल कधी बदलले, ती तारीख त्याला तोंडपाठ होती. स्वतःचा रक्तदाब पूर्वी कधी मोजला होता, हे आठवेना.

मोटार वाहतूक कामगारांना आठवड्याची सुट्टी, दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे १९६१ च्या कायद्यातच लिहिले होते. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता. एका टेम्पोच्या मालकाला कोण विचारणार? म्हणून मी मालकांनाच विनवतो. गाडीच्या कामाचा दिवस पगारी कामाचा धरा आणि चालकाच्या झोपेचा दिवस वेगळा द्या.

चालकांनाही चार गोष्टी सांगतो. सुट्टीच्या दिवशी आधी झोप, मग गाडी. झोप येऊ लागली तर चहाच्या भरवशावर पुढे जाऊ नका, गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. पडल्यावर डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसराळूपणा वाटला, तर गॅरेजच्या आधी दवाखाना गाठा. आणि गाडीचे सर्व्हिसिंग कराल त्या आठवड्यात स्वतःचा रक्तदाबही मोजून घ्या.

त्या टेम्पोचालकाला गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली : ‘रविवारी पूर्ण झोप. गाडी दुसऱ्याने धुवावी.’ तो म्हणाला, “हे औषध कुठल्या दुकानात मिळेल, साहेब?”

मी म्हटले, “चिठ्ठी मालकाला दाखव.”