गोधडी कीं गोदाम ?

अमेरिकेंत क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीची ती दूरची बहीण, शिवणाऱ्या स्त्रियांत एक विनोद फार दिवस चालत आलेला आहे. एखादीच्या घरीं कापडाचा सांठा इतका झाला कीं, तिनें आतां वीतभरही विकत न घेतां मरेपर्यंत शिवीत बसावें तरी तो संपूं नये, म्हणजे तिचा संग्रह ‘आयुर्मर्यादा ओलांडून गेला’ असें म्हणतात. आणि ह्या अवस्थेला त्यांनीं आद्याक्षरें जुळवून एक सुटसुटीत नांवही दिलें आहे. ज्या व्यसनाला लाडकें नांव मिळालें, तें घरांत ठाण मांडून बसलें असें खुशाल समजावें. ह्या स्त्रिया नववर्षाच्या दिवशीं प्रतिज्ञा करितात कीं, यंदा कापड घेणार नाहीं. किती वार घेतलें आणि किती वार वापरलें ह्याचा जमाखर्च ठेवितात. आणि प्रतिज्ञा मोडली म्हणजे पुन्हां एकमेकींचें समाधानही करितात. ही हौस आतां परदेशीं स्थायिक झालेल्या आणि मुंबई-पुण्याच्याही मराठी घरांत शिरूं लागली आहे. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकितों. बायकांच्या हौसेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ती थट्टा फार स्वस्त आहे, आणि ती करण्याचा अधिकार तर आम्हांस मुळींच नाहीं. ज्यांच्या कपाटांत उघडूनही न पाहिलेल्या ग्रंथांच्या रांगा आहेत, त्यांनीं दुसऱ्यांच्या कपाटांतील कापडाकडे बोट दाखवूं नये. आमचें भांडण व्यक्तीशीं नसून एका समजुतीशीं आहे. ती समजूत अशी कीं, साहित्य जमविणें हीच अर्धी कला होय, आणि तें नीट लावून ठेविलें म्हणजे उरलेली अर्धी !

गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटें हीं सारीं एकाच कुळांतलीं. नऊवारी लुगडें नेसून नेसून विरलें, धोतराला ठिगळ लावावयासही धड जागा उरली नाहीं, म्हणजे त्या वस्त्राची दुसरी कारकीर्द सुरू होई. जुन्या धोतरांचे थर आंत, लुगड्याचा त्यांतल्या त्यांत धड भाग बाहेर, कडेनें काठांची पट्टी, आणि मग कडेपासून मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. घरांतल्या दोघीचौघी दुपारच्या वेळीं ओसरीवर बसून तो घालीत. परंतु ह्या वस्तूचा खरा आरंभ कापडापासून होत नसे, माणसापासून होत असे. सुनेचे दिवस भरत आले आहेत, आजीला थंडी सोसत नाहीं, मुलगा शिकावयास परगांवीं जावयाचा आहे. अंगावर घेणारा आधीं ठरे आणि कापड मागाहून शोधलें जाई. श्रीगाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणत, तें ह्याच कुळाचें नांव. चिंधी हें ज्या वस्तूचें मूळ, तिच्या नांवानें आज गोदामें भरावीं, ह्यांतील विसंगति आम्हांस खटकते.

कोणी म्हणेल, हें दारिद्र्याचें गुणगान झालें. नव्या कापडाचे क्विल्ट पूर्वींही होत होते. हें खरें आहे, आणि तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. अठराव्या शतकांत आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचीं रंगीत छिटें इंग्लंड-अमेरिकेंतील सधन घरांच्या पलंगांवर चढलीं होतीं. १८४० नंतरच्या काळांत बाल्टिमोर शहरीं शिवलेल्या नामांकित क्विल्टांतही मुद्दाम आणलेलें नवें कापड आहे. तेव्हां नवें कापड घेणें हें पाप, असें आमचें म्हणणें नाहीं. तीं कापडें शिवलीं गेलीं, म्हणूनच आज पाहावयास मिळतात. एवढाच भेद आम्हांस दाखवावयाचा आहे. आमचा आक्षेप नव्या कापडावर नाहीं, निरुद्देश कापडावर आहे.

हा निरुद्देशपणा आपोआप आलेला नाहीं. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत अमेरिकेंतील पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांवर फुलें-वेली छापूं लागले. कारण बायका त्या पोत्यांचे झगे आणि क्विल्ट शिवतात, हें धंदेवाल्यांना कळून चुकलें होतें. व्यापारी तेव्हांही चतुरच होता. परंतु तेव्हां पिठाबरोबर कापड येई. आतां कापडाबरोबर केवळ आणखी कापड येतें. एकमेकांशीं जुळणाऱ्या छापांचा संच काढावयाचा. त्याचे १८ इंच बाय २२ इंचांचे, म्हणजे पाव वाराचे, तुकडे घडी करून, फितीनें बांधून, मिठाईसारखे मांडावयाचे. आणि हा छाप पुन्हां निघेलच असें नाहीं, अशी हुरहुर गिऱ्हाइकाच्या मनाला लावून द्यावयाची. तुकडा लहान, किंमत थोडी, भय मोठें ! असे पावपाव वार मिळूनच कपाट भरतें.

आतां थोडा हिशेब करूं. दोघांच्या बिछान्याला पुरेल असा ९० इंच बाय १०० इंचांचा क्विल्ट घेतला, तर शिवणींत जाणारें धरून त्याच्या वरच्या बाजूला ४४ इंच पन्ह्याचें सात-आठ वार कापड लागतें. एखादी बाई महिन्याला अवघे दोन वार घेते. कोणी तिला उधळी म्हणणार नाहीं. वर्षाचे २४ वार, म्हणजे तीन क्विल्टांची बेगमी झाली. नोकरी आणि संसार संभाळून तिच्या हातून वर्षाला एकच पुरा होतो. मागें राहिले १६ वार. दहा वर्षांत १६० वार; म्हणजे आणखी वीस वर्षांचें काम. चाळिसाव्या वर्षीं सुरू केलेली ही निरुपद्रवी हौस पन्नाशीला पोंचते, तों सत्तरीपर्यंतचें देणें मानेवर बसलेलें असतें ! वर जो विनोद सांगितला, त्याच्या मुळाशीं एवढेंच साधें गणित आहे.

ह्यावर दोन उत्तरें देण्यांत येतात. पहिलें असें कीं, चित्रकाराला जसे रंग तसें आम्हांला कापड. निवड विपुल असल्याखेरीज कल्पना चालत नाहीं. दिसण्यांत हें उत्तर भारदस्त आहे, पण अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. अलाबामा संस्थानांतील गीज बेंड ह्या लहानशा वस्तींतील कृष्णवर्णी स्त्रियांनीं शेतावर झिजलेल्या पाटलोणी आणि सदरे फाडून क्विल्ट शिवले. ते २००२ सालीं ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडले गेले, आणि २००६ सालीं अमेरिकन टपालखात्यानें त्यांचीं तिकिटें काढलीं. त्यांच्यापुढें निवड ती किती होती ? कल्पनेला विपुलता लागते ती डोळ्यांत, कपाटांत नव्हे. दुसरें उत्तर असें कीं, कापडाचे भाव वाढतच जातात, तेव्हां हा सांठा म्हणजे एक प्रकारची ठेवच होय. ज्या ठेवीला घडीवर उन्हाची तिरीप लागली कीं रंग उडतो, पावसाळ्यांत बुरशी येते, आणि झुरळाच्या भयानें डांबराच्या गोळ्या पहारा करितात, त्या ठेवीवर व्याज कोण देणार ?

राहिले उपाय. सध्यां जे उपाय सुचविले जातात, त्यांतील बहुतेक सांठ्याला शिस्त लावण्याचे आहेत, आवर घालण्याचे नाहींत. रंगवार घड्या घालाव्या, पारदर्शक डबे आणावे, चिठ्या चिकटवाव्या, यादी करावी. आमचें म्हणणें असें कीं, डबा हा सांठ्याचा शत्रु नसून त्याचा आश्रयदाता आहे. व्यवस्थित लावलेल्या फळीवर जी मोकळी जागा दिसते, ती दुसऱ्याच दिवशीं भरण्यासाठीं हांक मारूं लागते. वर्षभर कांहींच न घेण्याची प्रतिज्ञाही आम्हांस तितकीच पोकळ वाटते. उपवासाच्या दिवशीं जसें चित्त फराळांत, तसें त्या वर्षीं चित्त दुकानांत असतें. आणि पारणें फिटतें तें दुपटीनें.

खरा उपाय गोधडीनेंच सांगून ठेविलेला आहे. आधीं माणूस, मग आकार, मग घरांतलें कापड, आणि शेवटीं जेवढें उणें पडेल तेवढेंच दुकानांतून. हातांतली गोधडी अंथरली गेल्याखेरीज दुसरीला कात्री लावूं नये. जें कापड कोणासाठीं घेतलें हें आतां आठवत नाहीं, तें पोटासाठीं शिवणाऱ्या एखाद्या बाईच्या हवालीं करावें. तिच्या हातून तें महिन्याभरांत अंगावर येईल. आणि घरचीं जुनीं लुगडीं, सदरे, चादरी ह्यांकडे एकदां पाहावें. पुष्कळ घरांत गोधडीचें खरें भांडार बोहारणीला दिलें जातें आणि गोधडीसाठीं म्हणून नवें कापड आणलें जातें. ह्याहून उफराटा व्यवहार कोणता?

हा केवळ घरगुती काटकसरीचा प्रश्न असता, तर आम्हीं इतकीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. एक किलो सुती कापडामागें जागतिक सरासरीनें सुमारें दहा हजार लिटर पाणी खर्चीं पडतें असें जाणते सांगतात. वर जे १६० वार हिशेबांत निघाले, त्यांचें वजन वीस किलोंहून अधिक भरेल. म्हणजे दोन लाख लिटर पाणी एका कपाटांत घडी करून ठेविलेलें आहे. विदर्भांतील कोरडवाहू शेतकरी एकेका पावसासाठीं आभाळाकडे डोळे लावून कापूस पिकवितो. ती वेचणारी मजूरबाई दिवसभर वांकून बोंडें खुडते. त्या दोघांच्या श्रमाचा मान कापडाची किंमत चुकती केल्यानें होत नाहीं. तें कापड कोणाच्या तरी अंगावर विरेल तेव्हां होतो. न वापरलेलें वस्त्र हें न शिजवितां नासविलेल्या धान्यासारखेंच आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वडील सांगत आले. पाय लांब आणि अंथरूण अपुरें, अशा दिवसांतली ती म्हण. आज पाय होते तेवढेच आहेत. अंथरूण मात्र फडताळांत घड्या घालून कडीकुलुपांत पडलेलें आहे, आणि त्याच घरांत कोणी तरी दुकानांतून आणलेली रजई पांघरून निजलें आहे. तें फडताळ उघडावें, एक घडी बाहेर काढावी, सुईंत दोरा ओंवावा, आणि ही कोणासाठीं, एवढा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर आलें तर टांका घालावा; न आलें तर ती घडी दुसऱ्याच्या हातीं द्यावी. दुकान कोठें पळून जात नाहीं.