पायाखालचा भूगोल

विश्रांतवाडीच्या आसपास घराचा पाया खणूं लागलें कीं मातीखालीं काळा कातळ लागतो. तो फोडावयाचा कसा, याचीच चिंता आपण वाहतों. तो आला कोठून, हें क्वचितच विचारितों. आमच्या मतें भूगोलाचा पहिला धडा नकाशावर नव्हे, या कातळावरच द्यावा.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून थिजलेला हा शिलारस होय. थिजतांना त्यांतील लोहयुक्त कणांनीं पृथ्वीच्या चुंबकत्वाची तत्कालीन दिशा धरून ठेविली. १९५० नंतरच्या दशकांत ती मोजतां असें आढळलें कीं, तेव्हां आपली ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती!

कित्येक पालक विचारितात, "अशा कोट्यवधि वर्षांच्या गोष्टींनीं मुलांची श्रद्धा डळमळणार नाहीं काय?" त्यांस आम्ही रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें उदाहरण देतों. १८४५ सालीं नागपुरास आलेले हे स्कॉटिश मिशनरी शाळा चालवीत, सुवार्ता सांगत आणि वाटेंतले दगडही निरखीत. टाकळी येथें शिलारसाच्या थरांलगतच्या गाळांत त्यांस गोड्या पाण्यांतील शिंपले सांपडले. दोन लोटांच्या मधल्या काळांत तेथें तळीं होतीं व जीव नांदत होते, हें पुढें त्यावरून ठरलें. नागपूर-कामठी भागांतील वालुकाश्मांत ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या वनस्पतीचीं पानें आढळतात. तींच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेंही मिळाल्यामुळें हे देश एके काळीं एकत्र होते, या मतास बळकटी आली. त्या प्राचीन खंडाचें 'गोंडवन' हें नांव आपल्या मध्य भारतांतील गोंडांच्या मुलुखावरूनच पडलें आहे.

वर्षांचे हे आंकडे हिस्लॉपसाहेबांस ठाऊक नव्हते. तथापि जें दिसलें तें त्यांनीं झांकलें नाहीं, आणि १८६३ सालीं पुराच्या पाण्यांत अंत होईपर्यंत प्रार्थनाही सोडली नाहीं. निर्माणकर्त्याच्या कृतीकडे पाहण्यास भिणारी श्रद्धा दृढ कशी म्हणावी?

विद्यार्थ्यांनो, सुटींत एखादी विहीर किंवा खाण वडील माणसांसमवेत पाहा. कातळाचे थर मोजा, त्याच्या पोकळींतील पांढरे स्फटिक न्याहाळा, स्थळ व दिनांक लिहून ठेवा. आणि पुराव्यावांचून निर्णय करूं नका. पालकांस विनंति इतकीच कीं, मुलानें घरीं आणलेला दगड उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं, तो कां आणला, एवढें त्यास विचारावें.