अडथळा कोणाचा, भुर्दंड कोणाला?

कलकत्त्याजवळच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीतले काही मजूर आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लागणारा एक अवजड लोखंडी भाग सार्वजनिक रस्त्यावरून वाहून नेत होते. त्याच रस्त्याने एका जहाज कंपनीची घोडागाडी आली. ती जवळ येताच मजूर गडबडले आणि लोखंड दाणकन खाली पडले. आवाजाने घोडा बुजला, पुढे झेपावला व त्याच लोखंडावर आपटून जखमी झाला. कंपनीने सरकारवर साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. इ. स. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला की, असे काम कोणीही खासगी व्यक्ती करू शकते, ते सार्वभौम सत्तेचे कार्य नव्हे. सबब सरकारने भरपाई द्यावी.

हा खटला आठवण्यास माझे वैयक्तिक कारण आहे. गेल्या हिवाळ्यात गंगेच्या खोऱ्यातील एका जिल्हा रस्त्यावरून रात्री परतत असताना धुक्यात माझी मोटार खडीच्या ढिगावर चढली. पाण्याची वाहिनी टाकण्यासाठी रस्त्याची कड खणली होती. काम संपून बराच काळ लोटला होता, पण ढीग तसाच होता. दिवा नाही, फलक नाही, साधे लाल फडकेदेखील नाही. वेग ताशी तीसच्या आत होता म्हणून माणसे वाचली. गाडीचे पुढचे चाक, लोअर आर्म आणि ऑइल चेंबर मात्र गेले. बिल झाले ३१,००० रुपये.

विमा होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने हिशेब मांडण्याची खोड जात नाही, म्हणून तो येथे देतो. टायरचे ५,००० होते, त्यावर घसारा निम्मा. धातूच्या भागांचे १६,०००. गाडी सात वर्षांची, म्हणून घसारा ४० टक्के. मजुरी १०,०००, ती पूर्ण मिळाली. सक्तीची वजावट १,०००. कंपनीकडून २१,१०० मिळाले आणि ९,९०० खिशातून गेले. परंतु एवढ्यावर भागत नाही. माझा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला होता, तो शून्यावर आला. पुन्हा तेथवर पोहोचण्यास पाच वर्षे लागतील. स्वनुकसानीचा मूळ हप्ता ८,००० स्थिर धरला, तर या काळात सुमारे १०,००० रुपये जादा भरावे लागतील. ३१,००० च्या नुकसानीपैकी जवळजवळ २०,००० शेवटी मीच सोसणार, आणि उरलेले माझ्यासारख्याच इतर विमेदारांच्या हप्त्यांतून गेले. ज्याने ढीग ठेवला त्याचा एक पैसाही खर्च झालेला नाही.

कोणी म्हणेल, मोटारवाल्यांची रड कशाला ऐकायची? मोटारवाल्याकडे निदान विमा तरी असतो. कायद्याने सक्तीचा असतो तो केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा. दुधाचे कॅन लावून पहाटे मोटारसायकलवर निघणारा माणूस बहुधा तेवढाच काढतो. त्याच ढिगावर त्याची गाडी मोडली, तर सगळे नुकसान त्याचे एकट्याचे, वर त्या दिवसाची रोजी बुडाली ती वेगळी.

आपला कायदा याबाबत मूक आहे असे नाही. बिघडलेले वाहन रस्त्यात सोडून रहदारी अडवणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. (बंद पडलेल्या ट्रकभोवती दगड मांडायचे आणि दुरुस्ती झाली की दगड तेथेच टाकून निघून जायचे, ही आपली राष्ट्रीय प्रथा, त्या दगडांचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न अलाहिदा.) सार्वजनिक मार्गात अडथळा करण्याबद्दल भारतीय दंड संहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता, तो भारतीय न्याय संहितेने २०२४ पासून ५,००० पर्यंत नेला. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले: रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल करणाऱ्या यंत्रणेने अथवा कंत्राटदाराने सुरक्षेची मानके पाळली नाहीत व त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर एक लाखापर्यंत दंड. यांतले काहीही, गाडी मोडलेल्या माणसाच्या हाती आपसूक पडत नाही. दंड शासनाच्या तिजोरीत वा निधीत जातो, आणि कलम १९८ अ तर माणूस मेल्याशिवाय किंवा पंगू झाल्याशिवाय जागेच होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, हे मोठेच पाऊल. त्यातही मोडलेल्या वाहनाला जागा नाही.

मग दिवाणी दावा लावावा, असा सल्ला मिळतो. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यानंतर दैव. राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर कोसळून एक पादचारी दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेस जबाबदार धरले नाही. दिल्लीत झाडाची फांदी पडून एक स्कूटरस्वार गेला. १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले. दोन वर्षांत, दोन झाडांविषयी, दोन निर्णय. दोन्हींत मनुष्यजीव गेले होते. वीस हजारांसाठी या वाटेने जाणारा माणूस एकतर वकील असतो किंवा हट्टी.

वास्तविक या अनिश्चिततेवर उपाय केव्हाच सुचवला गेला आहे. स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाचा पहिलाच अहवाल, १९५६ सालचा, शासनाच्या अपकृत्यविषयक दायित्वावर होता. त्यावरून १९६५ व १९६७ मध्ये विधेयके आली. कायदा झाला नाही. आजही आपण संविधानाच्या अनुच्छेद ३०० चे बोट धरून त्या खिदिरपूरच्या घोड्यापाशीच परत जातो.

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण मी याच यंत्रणेचा भाग आहे. भरपाई मिळत नाही ती अधिकारी दुष्ट असतात म्हणून नव्हे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम भारताच्या संचित निधीवर अनुच्छेद ११२ खाली, आणि राज्यांत अनुच्छेद २०२ खाली, भारित खर्च असते. तिच्यावर मतदान होत नाही. महत्त्वाचे म्हणजे, ज्या कार्यालयाच्या हयगयीने गाडी मोडली त्याच्या देखभालीच्या तरतुदीतून ती वजा होत नाही. हुकूमनामा नसताना भरपाई दिली, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप ठरलेला. नाकारली, तर कोणीही आक्षेप घेत नाही. अशा स्थितीत कोणता शहाणा कार्यकारी अभियंता होकार लिहील? मीही लिहिला नसता.

माझ्या अर्जाचे तेच झाले. रस्ता सांभाळणाऱ्या कार्यालयाने कळवले की खोदाई पाणीपुरवठ्याची. पाणीपुरवठ्याने कळवले की जबाबदारी ठेकेदाराची. आणि ठेकेदाराने करारावर सही करताना यंत्रणेला सर्व दाव्यांपासून मुक्त ठेवण्याची हमी दिलेली, म्हणून यंत्रणा निश्चिंत. ठेकेदाराने उत्तरच दिले नाही.

ग्वीदो कालाब्रेसी यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र साधे आहे: अपघाताचा खर्च त्याच्यावर टाका, जो तो सर्वांत स्वस्तात टाळू शकतो. खडीचा ढीग उचलण्यास एक ट्रॅक्टर आणि अर्धा दिवस लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांनी धुक्यात तो ओळखण्याची अपेक्षा करणे हा सर्वांत महागडा मार्ग, आणि आपण नेमका तोच निवडला आहे.

म्हणून मागणी एवढीच. लहान रकमेपर्यंतची भरपाई हुकूमनाम्याविना देण्याचा अधिकार रस्त्याच्या मालक कार्यालयाला द्यावा आणि ती त्याच्याच देखभाल लेखाशीर्षातून वजा करावी. ठेकेदाराच्या अनामतीतून त्याने ती वसूल करून घ्यावी. आपण वेळोवेळी पाहणी केली होती, हे कार्यालयाने नोंदवहीनिशी सिद्ध केले तरच सुटका. इंग्लंडात १९८० च्या महामार्ग कायद्यात साधारण अशीच सोय आहे: वाजवी काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार रस्त्याच्या यंत्रणेवर असतो. चालकाची चूक असेल तेवढा हिस्सा कापावा. खोटे दावे येतील, हे मान्य. ते विमा कंपनीकडेही येतात, म्हणून तिने सर्वेअर नेमायचे सोडून विमा विकणे बंद केलेले नाही. खजिना रिता होईल, ही भीतीही मला पटत नाही. नुकसान आजही होतेच आहे आणि कोणीतरी ते भरतोच आहे. प्रश्न फक्त ते कोणत्या वहीत लिहायचे याचा आहे.

तूर्त मी कलम ८० ची नोटीस पाठवली आहे. तीन कार्यालयांना, पोचदेय डाकेने. परवा त्याच रस्त्याने जाणे झाले. ढीग जागेवर आहे; कोणा गावकऱ्याने त्यावर बाभळीची फांदी खोचून ठेवली आहे.