थांबलेला आकडा

आमच्या पुतण्याने माडीवरच्या खोलीत बिटकॉइनचा एक नोड थाटला आहे. नोड म्हणजे त्या जगभर पसरलेल्या खातेवहीची प्रत बाळगून प्रत्येक नवी नोंद स्वतः तपासून घेणारा संगणक. तो जे सांगेल ते दिवाणखान्यातील पडद्यावर आपोआप उमटते: शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक, जोडलेल्या इतर नोडांची संख्या.

ही किमया ऐकून आम्हां मासिकवाल्यांस मोठी मौज वाटली. नोडकडून आलेली माहिती ‘स्टोअर’ नावाच्या कोठारात ठेवतात आणि पडद्याचा जो भाग ती दाखवितो, तो त्या कोठाराचा वर्गणीदार होतो! नवा आकडा येताच कोठार तो प्रत्येक वर्गणीदारास घरपोच करते. २०१६ साली निघालेल्या ‘स्वेल्ट’ ह्या साधनात तर पहिला वर्गणीदार आला की नोडशी संपर्क सुरू करावा आणि शेवटचा गेला की तो मिटवावा, अशीही सोय आहे.

परंतु परवा निराळाच अनुभव आला. पुतण्याच्या कामाचा मोबदला ह्याच वाटेने यायचा होता. तो बाहेर गेलेला, आम्ही पडद्यापुढे. अर्धा तास क्रमांक हलेना. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरीने १० मिनिटांनी येतो; पण ती सरासरीच, कधी बराच वेळ एकही येत नाही. तेव्हा ‘अद्याप काही नाही’ असे आम्ही वहिनींना छातीठोकपणे सांगून टाकले. पुतण्या आला, पाहताच म्हणाला, “काका, संपर्कच तुटलाय!” मोबदला केव्हाच नोंदला गेला होता. इथेरियमचा पडदा असता तर १२ सेकंदांचा ठेका चुकताच शंका आली असती.

कोठार खोटे बोलले नव्हते. शेवटचा आकडा त्याने इमानाने जपला होता; झरा आटल्याचे त्यास कोणी कळविलेच नव्हते. आता नोड दर मिनिटास नुसते ‘आहे’ एवढेच कळवितो. ती वेळही कोठारात राहते आणि निरोप चुकला की आकडा फिका पडतो.

घरापासून दूर वसलेल्या आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. सांगण्यासारखे काही नसले, तरी ‘इकडील सर्व क्षेम’ एवढ्यासाठी ते कार्ड टाकीतच.